भीतीची मालकी

२००२च्या नोव्हेंबरात जपानच्या कॅपकॉम कंपनीनं निंटेंडोच्या गेमक्यूबसाठी पाच गेम जाहीर केले. त्यांतल्या 'रेसिडेंट ईव्हिल ४'बद्दल या मालिकेचे जनक शिंजी मिकामी इतके ठाम होते, की हा गेम दुसऱ्या कन्सोलवर गेला तर स्वतःचं डोकं कापून घेईन, अशा अर्थाचं ते बोलून बसले. निंटेंडोला अशा शब्दाची नितांत गरज होती. सोनीचा प्लेस्टेशन २ घरोघरी पोचला होता, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स नुकताच मैदानात उतरला होता, आणि 'पोराटोरांचं यंत्र' हा गेमक्यूबवरचा शिक्का पुसायचा तर मोठ्या माणसांना घाबरवील असं काहीतरी हाती असायला हवं होतं. दोन वर्षांनी, गेम बाजारात यायच्याही आधी, कॅपकॉमनं तो प्लेस्टेशन २वरही येणार असल्याचं सांगून टाकलं. गेमक्यूबवर तो जानेवारी २००५मध्ये आला, प्लेस्टेशनवर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. हिशेब उघड होता. प्लेस्टेशन २ची विक्री अखेरीस १५ कोटींच्या पुढे गेली, गेमक्यूबची सव्वादोन कोटींपर्यंतही पोचली नाही.

गेमच्या इतिहासात हा प्रसंग दिलेला शब्द मोडल्याची कहाणी म्हणून सांगितला जातो. मला त्यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. चाहते कंपन्यांची भांडणं बघत वाट पाहत होते, त्या काळात कॅपकॉमच्या आत हा गेम पुन्हा पुन्हा मोडून नव्यानं रचला जात होता. त्याही आधीचा एक आराखडा इतका वेगळा निघाला होता, की त्याचा 'डेव्हिल मे क्राय' नावाचा स्वतंत्र गेम झाला. २००३ साली लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात दाखवलेल्या रूपात नायक लिऑन एका जुन्या वाड्यात भ्रमांना तोंड देत होता आणि हातात आकडा घेतलेली एक आकृती त्याच्या मागे लागली होती. तेही बाजूला टाकलं गेलं. शेवटी हाती आलं ते दिवसाढवळ्याचं एक खेडं. त्यातली माणसं स्पॅनिश बोलतात, कुऱ्हाडी घेऊन चालून येतात आणि चर्चची घंटा वाजताच तुम्हाला तसंच सोडून निघून जातात. कॅमेरा लिऑनच्या खांद्यामागे आला. आणि आधीच्या भागांतली एक अडचण तशीच राहिली: बंदूक रोखली, की चालता येत नाही. गोळी झाडायची तर जागच्या जागी उभं राहायचं आणि समोरच्याला जवळ येऊ द्यायचं. त्या दोन-तीन क्षणांत जी धाकधूक होते, तिच्यासाठी कुठल्याही कंपनीला पैसे मोजावे लागले नव्हते.

वाट पाहायला लावणं हीच या कलेची मूळ ताकद आहे. भयपट बघताना आपण डोळे मिटू शकतो, चित्रपट आपला पुढे सरकतो. भयकथा वाचताना पान उलटायचं की नाही एवढंच आपल्या हातात असतं. गेममध्ये मात्र त्या अंधाऱ्या खोलीत पाऊल आपल्यालाच टाकावं लागतं. आपण थांबलो तर सगळंच थांबतं, आणि पुढे गेलो तर जे होईल ते आपण केलेलं असतं. कन्सोल बनवणाऱ्यांनी नेमकी हीच वाट बघायला लावण्याची कला गेमच्या बाहेर नेली आणि ट्रेलर, घोषणा, तारखा यांच्या रूपानं विकायला घेतली. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत भयाच्या गेमचं काय झालं ते समजून घ्यायचं तर या दोन प्रतीक्षा वेगळ्या करून पाहाव्या लागतात.

सुरुवातीची लढाई भीतीपेक्षा अब्रूची होती. १९९२मध्ये सेगा सीडीवर 'नाइट ट्रॅप' आला. खरे नट घेऊन चित्रित केलेला हा गेम आज बघितला तर हास्यास्पद वाटण्याइतका सौम्य आहे. पण डिसेंबर १९९३मध्ये अमेरिकी सिनेटपुढे हिंसक गेमवर सुनावणी झाली, तेव्हा निंटेंडोचे हॉवर्ड लिंकन यांनी हा गेम आमच्या यंत्रावर कधीही दिसणार नाही, असं ठणकावलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत गेमना वयोगटाची श्रेणी देणारी ईएसआरबी ही संस्था उभी राहिली. २०१८मध्ये तोच 'नाइट ट्रॅप' निंटेंडोच्या स्विचवर विकला गेला.

खरी कूस बदलली ती प्लेस्टेशनमुळे, आणि प्लेस्टेशन जन्मालाच आला एका फिसकटलेल्या सोयरिकीतून. निंटेंडोच्या यंत्राला जोडायचा सीडी ड्राइव्ह सोनी बनवत होती. १९९१च्या जूनमध्ये निंटेंडोनं जाहीरपणे फिलिप्सचा हात धरला. सोनीनं स्वतःचा कन्सोल काढला, डिसेंबर १९९४मध्ये जपानमध्ये विकायला आणला, आणि निंटेंडो पुढची काही वर्षं सीडीऐवजी गेमच्या काडतुसांनाच धरून राहिली. सीडीत जागा भरपूर होती, पण यंत्राची ताकद तोकडी होती. या तोकडेपणातच मोठे कलाकार जागे झाले.

मार्च १९९६चा पहिला 'रेसिडेंट ईव्हिल' घ्या. जपानमध्ये त्याचं नाव 'बायोहॅझर्ड'. गेम ज्या वाड्यात घडतो तो सगळा एकाच वेळी त्रिमितीत उभा करणं त्या यंत्राला झेपत नव्हतं, म्हणून खोल्या आधीच रंगवलेल्या स्थिर चित्रांच्या केल्या आणि कॅमेरे जागोजाग ठोकून बसवले. १९९२च्या 'अलोन इन द डार्क' या फ्रेंच गेमनं ही वाट आधी दाखवली होती. परिणाम असा, की कोपऱ्यापलीकडे काय आहे ते कॅमेरा दाखवतच नाही. पावलं ऐकू येतात आणि ती कुणाची ते कळत नाही. एका खोलीतून दुसरीत जाताना माहिती वाचायला यंत्राला वेळ लागायचा. तो वेळ झाकायला काळ्या पडद्यावर एक दार संथपणे उघडताना दाखवलं गेलं. त्या दारानं खेळणाऱ्यांच्या एका अख्ख्या पिढीला श्वास रोखायला शिकवलं. गेम जतन करायचा तर टाइपरायटर शोधायचा आणि शाईच्या फिती मोजून वापरायच्या. हे सगळं कमतरतेचं शास्त्र होतं, आणि त्याचं मूळ प्लेस्टेशनच्याही मागे जातं: 'रेसिडेंट ईव्हिल'चे निर्माते तोकुरो फुजिवारा यांनी १९८९मध्ये निंटेंडोच्याच फॅमिकॉमवर 'स्वीट होम' हा झपाटलेल्या वाड्याचा गेम केला होता.

कोनामीचा 'सायलेंट हिल' १९९९चा. केइचिरो तोयामा त्याचे दिग्दर्शक. दूरवरचं गाव दाखवायला यंत्राकडे बळ नव्हतं, तेव्हा त्यांनी गावावर धुकं सोडलं. खिशातला रेडिओ खरखरू लागला, की जवळपास काहीतरी आहे एवढंच समजायचं. अकिरा यामाओका यांचं गंजक्या लोखंडासारखं संगीत आणि हे धुकं यांनी मिळून जे साधलं, ते चारपट ताकदवान यंत्रांवरही फार थोड्यांना जमलं. याचा पुरावाच हवा असेल तर २०१२चा 'सायलेंट हिल एचडी कलेक्शन' पाहावा. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाचा मूळ कोड पुरता हाती न आल्यामुळे काम बिघडलं, दुसऱ्या भागातलं धुकं विरळ झालं आणि गावाची न रंगवलेली टोकं दिसू लागली. चित्र जास्त स्वच्छ, भीती गायब. या कलेची बाकी सगळी समीक्षा या एका उदाहरणावरून उभी करता येईल, असं मला मनापासून वाटतं.

कंपन्यांच्या चुरशीनं काहीच दिलं नाही, असं मी म्हणणार नाही. १९९९मध्ये 'रेसिडेंट ईव्हिल २' निंटेंडो ६४वर आला, तेव्हा दोन सीडींचा ऐवज ६४ मेगाबाइटच्या काडतुसात बसवला होता. अशी कारागिरी ईर्ष्येशिवाय होत नाही. निंटेंडोनं स्वतः प्रकाशित केलेला 'इटर्नल डार्कनेस' २००२चा. त्यातलं पात्र भ्रमिष्ट होऊ लागलं, की गेम थेट खेळणाऱ्याशीच खेळू लागायचा: टीव्हीचा आवाज आपोआप कमी झाल्याचं दिसायचं, जतन केलेला सगळा खेळ पुसला जातोय असा संदेश यायचा. यंत्र हाच भयाचा विषय करण्याची ही कल्पना अफाट होती. मोठ्या वयाचा ग्राहक सोनीकडून ओढायची निकड नसती, तर निंटेंडोनं तिच्यावर पैसा लावला असता का, याची मला शंका आहे. पण त्याच चुरशीची किंमतही इथेच दिसते. हा गेम गेमक्यूबच्या तबकडीतच अडकून पडला. आजचा विशीतला मुलगा त्याच्याबद्दल वाचतो आणि खेळू शकत नाही.

नंतरचा पल्ला मी भरभर ओलांडतो. 'रेसिडेंट ईव्हिल ४'चा खांद्यामागचा कॅमेरा सगळ्यांनी उचलला. एक्सबॉक्सची शान ठरलेल्या 'गिअर्स ऑफ वॉर'नं त्याचा धडाकेबाज गोळीबार केला, २००८च्या 'डेड स्पेस'नं त्यातली भीती जपली. खुद्द कॅपकॉम सहाव्या भागापर्यंत स्फोटांच्या मागे लागून भय विसरली. भयाला पुन्हा जाग आणली ती या तिन्ही यंत्रांच्या भांडणाबाहेर, संगणकावर, स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सच्या मोजक्या माणसांनी. २०१०च्या त्यांच्या 'अॅम्नीशिया'मध्ये शस्त्रच नाही. लपायचं, आणि राक्षसाकडे बघायचंसुद्धा नाही, कारण बघितलं तर मनाचा तोल ढळू लागतो.

दोन्ही प्रतीक्षा एका जागी आल्या त्या १२ ऑगस्ट २०१४ला. जर्मनीतल्या गेम्सकॉम मेळ्यात सोनीनं कुठल्याशा अनोळखी स्टुडिओचा 'पी.टी.' नावाचा फुकट डेमो प्लेस्टेशन ४च्या दुकानात ठेवला. एक वळणाची बोळ, शेवटी दार, आणि दारातून गेलं की पुन्हा तीच बोळ. दर फेरीत काहीतरी किंचित बदललेलं. रेडिओवर एका खुनाची बातमी, न्हाणीघरातून रडण्याचा आवाज, आणि लिसा नावाची बाई, जी कधी मागे उभी असेल ते सांगता येत नाही. जगभरच्या खेळणाऱ्यांनी एकमेकांना धागेदोरे पुरवत काही तासांत शेवट गाठला, तेव्हा कळलं, की ही गेम दिग्दर्शक हिदेओ कोजिमा आणि चित्रपट दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो यांच्या 'सायलेंट हिल्स'ची जाहिरात होती. जाहिरात स्वतःच श्रेष्ठ कलाकृती झाल्याचं असं दुसरं उदाहरण मला या माध्यमात आठवत नाही. एप्रिल २०१५मध्ये कोनामीनं मूळ गेम रद्द केला आणि 'पी.टी.' दुकानातून काढला. ज्यांनी आधी घेतला होता त्यांनाही तो पुन्हा उतरवता येईना. ज्यात तो शिल्लक होता अशी जुनी यंत्रं लोक चढ्या भावानं विकू लागले. एका बोळीचा तो गेम पुढे कितीतरी स्वतंत्र गेमकर्त्यांना पुरला; २०१७चा प्रथमपुरुषी 'रेसिडेंट ईव्हिल ७' खेळतानाही तो आठवल्याशिवाय राहत नाही. ज्या कृतीनं इतकं पेरलं ती आज कायदेशीर मार्गानं कुणालाच मिळू नये, ही मला या कलेच्या इतिहासातली सगळ्यात संतापजनक गोष्ट वाटते.

आता कुंपणं ढिली होत आहेत. नाकारण्यात अर्थ नाही, ही चांगली बातमी आहे. ऑगस्ट २०२५मध्ये 'गिअर्स ऑफ वॉर' प्लेस्टेशनवर आला, जे दहा वर्षांपूर्वी कुणी मानलं नसतं. ब्लूबर टीम या पोलिश कंपनीनं केलेला 'सायलेंट हिल २'चा रिमेक ऑक्टोबर २०२४मध्ये कन्सोलपैकी आधी प्लेस्टेशन ५वर आला. एक्सबॉक्सवाल्यांना वर्षभर ताटकळावं लागलं. आता उरलेत ते मुख्यतः असे मुदतीचे करार. त्यांचा उपयोग लहान स्टुडिओंनाही होतो: पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२०मध्ये आधी स्विचवर आला आणि दोन महिन्यांनी बाकीच्या यंत्रांवर. तो भयाचा गेम नाही, पण छोट्या चमूला मोठ्या कंपनीच्या मंचावर पहिली जागा मिळण्याचं मोल काय असतं, ते त्यावरून कळतं. म्हणून मुदतीच्या कराराला माझा विरोध नाही. कायमच्या कुलपाला आहे.

'रेसिडेंट ईव्हिल रेक्विएम' जून २०२५मध्ये जाहीर झाला. २७ फेब्रुवारी २०२६ ही तारीख आणि प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स, स्विच २, संगणक या सगळ्यांवर एकाच दिवशी येण्याचा वायदा होता. दिग्दर्शक कोशी नाकानिशी, म्हणजे सातव्या भागाचेच. ग्रेस नावाची घाबरणारी नायिका आणि तिच्या मागावर असलेला प्रचंड देह एवढं पहिल्या प्रात्यक्षिकांत दिसलं, आणि ग्रेसचे थरथरते हात बघून मला आशा वाटली. कोणत्या यंत्रावर तो जास्त देखणा दिसतो, याची मोजमापं होतीलच. ती वाचण्यात मला रस नाही. मला बघायचंय ते एवढंच, की सगळं काही लख्ख दाखवू शकणाऱ्या यंत्रावर नाकानिशींनी काय दाखवायचं नाकारलं आहे. आणि कॅपकॉमनं या गेमसाठी जेवढी यंत्रं मोकळी केली, तेवढीच कोनामीनं 'पी.टी.'साठी आणि निंटेंडोनं 'इटर्नल डार्कनेस'साठी करावी.