उडवू का, साहेब?

भिगवणचा रोहित आता महाराष्ट्रभर भिंतींवर टांगलेला दिसतो. पतसंस्थेच्या कॅलेंडरवर, दातांच्या दवाखान्यात, हॉटेलच्या गल्ल्यामागं. बहुतेक ठिकाणी तो उडत असतो. कारण साधं आहे. बसलेला मोठा रोहित लांबून पांढराच वाटतो; पंख उघडले की आतला लाल आणि कडेचा काळा रंग बाहेर पडतो. फोटोला रंग पाहिजे, म्हणून पक्षी उडाला पाहिजे.

आमच्या उजनीकाठी मग होडीत बसलं की नावाडी विचारतो, "उडवू का, साहेब?" त्याला मी दोष देत नाही. नुसत्या मासेमारीवर घर चालत नाही, आणि ज्याच्या होडीतून उडतानाचा फोटो मिळतो त्याचाच नंबर पुढच्या पाहुण्याकडं जातो. होडी पुढं घालतो तो, पण घालायला लावणारा फळीवर कॅमेरा घेऊन बसलेला असतो.

फोटोखाली अभिमानानं 'नैसर्गिक प्रकाश' लिहिलेलं असतं. फ्लॅश मारला नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रकाश नैसर्गिक, पण त्यात पक्षी जे करतोय ते नैसर्गिक आहे का? उडवलेले रोहित बघताक्षणी ओळखू येतात: सगळे पाठमोरे, माना ताणलेल्या, खाली पाण्यावर धावल्याचे शिंतोडे. एवढ्या अंगाच्या पक्ष्याला पाण्यावर धावल्याशिवाय उठता येत नाही. दर होडीमागं त्याला चरणं सोडून ही धावाधाव करावी लागते. आपणहून उडणाऱ्या थव्याचाही फोटो मिळतो, पण त्याला बसून राहावं लागतं.

शिवाय ही मंडळी पुण्याहून निघून, वाटेत मिसळ खाऊन पोचतात तोवर ऊन डोक्यावर येतं. अशा उन्हात रोहिताची पाठ चुन्यासारखी पांढरी फटक होते, एकेक पीस वेगळं दिसत नाही. मग घरी कॉम्प्युटरवर गुलाबी चढवायचा, त्याबरोबर पाणीही निळं होतं. पुण्याचं सांडपाणी पोटात घेऊन आलेलं आमचं पाणी इतकं निळं आम्ही तरी कधी पाहिलं नाही.

याउलट करमाळ्याकडच्या एका शिक्षकानं काढलेला फोटो माझ्याकडं आहे. पाच रोहित, सगळे चरताना. डोकं उलटं करून चोचीतून गाळ-पाणी गाळणारा हा पक्षी फोटोत फारसा देखणा दिसत नाही. पण ऊन बाजूनं, अगदी खालून आलंय. मानेच्या बाकावर फिकट गुलाबी आहे, तेवढाच; आणि पाण्यावरून परतलेल्या उजेडानं पोटाखालची सावलीसुद्धा उजळलीय. मागं दगडी भिंतीचा तुकडा पाण्याबाहेर आलाय.

एका जाणकारानं नाक मुरडलं: मागं अडगळ आहे, स्पर्धेत टिकणार नाही. त्यांना पक्ष्यामागं गुळगुळीत हिरवं धुकं लागतं. तसं धुकं कुठंही मिळतं, अगदी प्राणिसंग्रहालयातसुद्धा. ही भिंत मात्र इथलीच. उजनी धरण १९८० साली पुरं झालं, गावं पाण्याखाली गेली, आणि त्याच बुडालेल्या रानांवरच्या उथळ पाण्यात हे पक्षी चरतात. पळसदेवाचं जुनं देऊळही पाणी खूप उतरलं की असंच वर येतं. फोटोत एकच ऊन पक्ष्यावर आणि भिंतीवर पडलंय, म्हणून मला तो खरा वाटतो. तक्रार एकच: डाव्या कडेचा रोहित चौकटीत अर्धा कापला गेलाय. थोडं मागं सरकायला पाहिजे होतं.

फोटोवर तारीख नाही. परवा नावाड्याला दाखवला. पक्ष्यांवरून नजर सरकवत त्यानं भिंतीवर बोट ठेवलं.

"एवढी उघडी म्हंजे एप्रिल सरत आलेला, काका. आन् सकाळचंच हाय. वारं सुटायच्या आधीचं. बघा की, पाणी हललेलं न्हाय."