नकाशात नसलेलं बावखल

फोनवरचा नकाशा हेही एक लेखनच. मग त्याची समीक्षा का करू नये? आमच्या वसईच्या नकाशात रस्ते, दुकानं, एटीएम चोख सापडतात. वाड्यांमधली बावखलं मात्र बहुतेक बिननावाची. पावसाचं पाणी साठवून जमिनीत मुरवणारी, विहिरी गोड ठेवणारी ही तळी. शेवाळ चढलं की उपग्रहाच्या चित्रात तीही झाडीच वाटतात. डेटाबेसमध्ये नोंद नाही म्हणजे स्क्रीनवर अस्तित्व नाही, हे मला कामामुळे ठाऊक आहे. आणि नाव नसलेल्या जागेवर भराव टाकणं सोपं. जुलै २०१८मध्ये रुळांवर पाणी चढलं, मिठागरातली वस्ती अडकली. कोंडी लाल रंगात दाखवणारा नकाशा पाण्याची मुरायची जागा सांगत नाही. ती आजी-आजोबांना तोंडपाठ आहे. त्यांना विचारून नावं टाकूया, भराव पडायच्या आत.