खय्याम आणि आमचे नानाकाका

आमच्या लग्नात सात लेमनसेट, तीन भिंतीवरची घड्याळं आणि एक 'द्राक्षकन्या' असा अहेर आला. लेमनसेट आम्ही यथावकाश इतरांच्या लग्नांत फिरवले. 'द्राक्षकन्ये'ला फिरवायची सोय नव्हती. एक तर पुस्तक जुनं, त्यात उमर खय्यामचं, आणि देणारे कोण? तर आमचे नानाकाका! खोकल्याच्या औषधात अल्कोहोल असतं म्हणून जन्मभर अडुळशाचा काढा घेणारे बीजगणिताचे मास्तर! आईने ते पुस्तक गुपचूप पोथ्यांच्या मागे सारलं.

"काका, तुम्ही आणि खय्याम?" मी दबकत विचारलं.

"अरे, तो आमच्यातलाच!" काका म्हणाले.

मी सर्द झालो. काढ्याच्या बाटलीविषयी क्षणभर नाही नाही ते मनात आलं. पण काकांचा रोख वेगळा होता. घनसमीकरणं शंकुच्छेदांनी कशी सोडवावीत हे या गृहस्थाने अकराव्या शतकात मांडलं. मलिकशाहासाठी नवं पंचांग करणाऱ्या ज्योतिर्विदांतही तो होता. ते १०७९ साली सुरू झालं. त्याला प्रत्यक्ष भेटलेल्या निजामी अरूजीने 'चहार मकाला' हा ग्रंथ लिहिला. त्यात कवींचं एक प्रकरण आहे आणि ज्योतिष्यांचं दुसरं. खय्याम सापडतो तो ज्योतिष्यांत!

मग हातात प्याला देऊन त्याला झाडाखाली बसवलं कुणी? एडवर्ड फिट्झजेराल्ड नावाच्या इंग्रज साहेबाने. १८५९ साली त्याने निनावी छापलेलं चोपडं कुणी विकत घेईना. शेवटी ते दुकानाबाहेर एक पेनीच्या पेटीत जाऊन पडलं. १८६१ साली ते तिथे रसिकांच्या हाती लागलं आणि मग जी लाट आली ती आली! १९१२ साली टायटॅनिक बुडाली तेव्हा रत्नं जडवलेली त्याची एक प्रत तिच्याबरोबर तळाला गेली. एका पेनीपासून माणकापाचूंपर्यंत! आमच्या मराठी कवींना पेटीपर्यंतचाच प्रवास ठाऊक.

आता खरं सांगायचं तर फिट्झजेराल्डची करामत भाषांतरात नाही, ओवण्यात आहे. फार्सीत रुबाई ही आपल्या सुभाषितासारखी सुटी. चार ओळींत आपलं म्हणणं संपवायचं आणि मोकळं व्हायचं. संग्रहात रुबाया लागतात त्या अंत्याक्षराच्या क्रमाने, म्हणजे रडण्याशेजारी हसणं आलं तरी कुणाची हरकत नाही. साहेबाने त्यातल्या हव्या त्या उचलल्या, काही दोन-दोन मिळून एक केल्या आणि पहाटेपासून चंद्रोदयापर्यंतचा एक दिवस रचला. जगावर प्रभाव पडला तो या एका दिवसाचा. सुट्या रुबाईत शंका एखाद्या खड्यासारखी दाताखाली येते. साहेबाच्या माळेत तीच शंका सुरेल होते, आणि सुरेल शंका पचायला फार सोपी असते. त्यातून कुठल्या रुबाया खरोखर खय्यामच्या, यावर पंडितांचं एकमत नाहीच.

हा घोळ ज्याने नीट ओळखला तो माणूस मराठी होता, याचा मला अभिमान वाटतो. माधव जूलियन फार्सीचे प्राध्यापक. १९२९ साली त्यांनी थेट फार्सीवरून रुबाया मराठीत आणल्या. तेवढ्यावर दुसरा कुणीही थांबला असता. पण १९३१ साली त्यांनी फिट्झजेराल्डचं काव्य वेगळं भाषांतरलं. तीच ही 'द्राक्षकन्या'. मला ही नुसती हौस वाटत नाही, ही टीका आहे. एका नावाखाली दोन कवी आहेत, हे त्यांनी लेख न लिहिता दाखवून दिलं. पुढे 'द्राक्षकन्ये'चाच बोलबाला जास्त झाला, याला त्यांचा इलाज नव्हता.

नानाकाका गेल्यावर मी पोथ्यांमागून ते पुस्तक काढलं. आत खुणा नाहीत, शेरे नाहीत. फक्त शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने बारीक अक्षरात एक तारीख होती. काकू गेल्याची. खाली मास्तरी सवयीने एक बरोबरचं चिन्ह, आणि पुढे काही नाही.

"आता कुठे ठेवायचं हे?" हिने विचारलं.

मी ते काकांच्या जुन्या बीजगणिताशेजारी ठेवलं. आईने पाहिलं, पण ती काही बोलली नाही.