पितळेची अंगठी

‘फोनी’ हा इंग्रजी शब्द ऐकला की पुष्कळांना टेलिफोन आठवतो. मलाही आठवत असे. माझे इंग्रजी शाळेपुरतेच; कादंबरी वाचायची तर शब्दकोश मांडीवर हवा. त्या कोशानेच माझा भ्रम घालविला. बहुतेक कोशकारांच्या मते हा शब्द निघाला एका अंगठीतून!

अंगठीच्या आयरिश नावावरून इंग्रज चोरांच्या बोलीत ‘फॉनी’ हा शब्द आला. फ्रान्सिस ग्रोजच्या हलक्या बोलीच्या कोशात, त्याच्या १८११ च्या आवृत्तीत, या ‘फॉनी’ची लबाडी दिली आहे. सोन्याचा मुलामा दिलेली पितळी अंगठी भामटा रस्त्यात टाकतो, सावजादेखत ती उचलतो, आणि सोन्याहून स्वस्त पण पितळेच्या कितीतरी पट दराने त्याच्या गळ्यात मारतो. यातली गोम पाहा. घेणारा काही अगदीच भोळा नव्हे. आयते सोने पडत्या भावात मिळते आहे, या आनंदातच तो फसतो.

पुढे अमेरिकेत अंगठी गळून पडली आणि खोटेपणा तेवढा राहिला. सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’ (१९५१) या कादंबरीतील होल्डन हा सोळा वर्षांचा पोरगा तर हा शब्द जपमाळेसारखा ओढतो. हेडमास्तर फोनी, नट फोनी, सिनेमे फोनी. पुष्कळ वाचक त्याला सत्याचा कैवारी समजतात. मला ते पटत नाही. आगगाडीत त्याला एका वर्गबंधूची आई भेटते. तो मुलगा होल्डनच्या मते अगदी नीच. तरी हा स्वतःचे खोटे नाव सांगतो आणि मुलाची तोंडभर स्तुती करतो. शाळेतून लवकर का निघालास, तर म्हणे मेंदूत गाठ आहे! मला हे प्रकरण साऱ्या पुस्तकात उत्तम वाटते. निकालाच्या दिवशी मीही कित्येक आयांशी असेच बोललो आहे. सॅलिंजरचे मोठेपण हे, की त्याने ती अंगठी नायकाच्याही बोटात घातली.

मराठीत याला काय म्हणावे? ‘बनावट’ म्हटले की नोटा आठवतात, ‘ढोंगी’ म्हटले की बुवा. ‘बेगडी’ त्यातल्या त्यात जवळचा. पण आकाशकंदिलाचा बेगड सोन्याचा नाही, हे पोरांनाही ठाऊक असते. तो कोणाला फसवीत नाही.

माझ्या पहिल्या कादंबरीतले खेडे मी कधी पाहिलेले नव्हते. बोली चार पुस्तकांतून उचललेली. शहरातल्या वाचकांनी वाहवा केली. त्यांनाही एस.टी.ची धूळ न खाता खेडे हवे होते. एका गृहस्थांनी मात्र पोस्टकार्डावर एवढेच लिहिले, “तुमचे खेडे बेगडी आहे.” आठ दिवस मी रागात होतो. आता ते कार्ड माझ्या कोशात आहे, ‘पी’च्या पानाला खूण म्हणून.