जोडणी वेगळी, सुरुवात वेगळी

संशोधनासाठी कोड लिहायला घेतलात की हा प्रश्न येतोच: प्रोग्राम सुरू होताना डेटासेट कुठे लोड करायचा? स्प्रिंग वापरणारे बरेच जण पोस्टकन्स्ट्रक्ट लावून मोकळे होतात. माझा आक्षेप या सवयीला आहे.

'डिपेंडन्सी इंजेक्शन' हे नाव मार्टिन फाउलरच्या 2004 च्या लेखामुळे रूढ झालं. कल्पना साधी आहे. ऑब्जेक्टने आपल्याला लागणारे ऑब्जेक्ट स्वतः बनवायचे नाहीत, कंटेनरने ते आणून जोडायचे. आमच्या वर्तकनगरात म्हाडाच्या जुन्या इमारतींच्या जागी टॉवर होतायत. तिथेही सगळे पाइप जोडल्याशिवाय पंप कोणी सुरू करत नाही. पोस्टकन्स्ट्रक्ट मात्र त्या एका ऑब्जेक्टची जोडणी झाली की लगेच चालतं. बाकीचे तयार असतीलच असं नाही. त्याच ऑब्जेक्टवरचं ट्रान्झॅक्शनलही तेव्हा लागू झालेलं नसतं, म्हणजे मध्येच एरर आली तर डेटा अर्धवट भरलेला राहू शकतो.

स्प्रिंग बूटचा अॅप्लिकेशनरनर पूर्ण कंटेनर उभा राहिल्यावर चालतो, म्हणून तो बरा. पण रामबाण नाही! तो प्रत्येक रीस्टार्टला चालतो, स्प्रिंगबूटटेस्टमध्येसुद्धा. समजा, सगळ्या नोंदी टेबलात दोनदा गेल्या. सरासरी तीच दिसेल, पण नमुना दुप्पट धरला जाईल आणि स्टँडर्ड एरर सुमारे 30 टक्क्यांनी कमी येईल. एरर मेसेज कुठेच दिसणार नाही, आणि प्रबंधात चुकीचा आकडा जाईल.

तेव्हा नोंदींना युनिक की द्या, आणि डेटा भरायचं काम स्टार्टअपमधून काढून वेगळ्या कमांडमध्ये ठेवा. ती कधी चालवली, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.