एका प्रांताला एकच धर्म : इतिहासविषयक व्यूहखेळांतील धर्मयंत्रणेची समीक्षा

‘ग्रँड स्ट्रॅटेजी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगणकीय खेळांत खेळाडूच्या हाती एखादा शिपाई किंवा सेनापती दिला जात नाही. एक संपूर्ण राज्य किंवा राजघराणे दिले जाते, आणि नकाशावरच्या त्या राज्याचा कारभार त्याला काही शतके हाकायचा असतो. लढाई, वारसाहक्क, व्यापार आणि तह यांच्या जोडीने धर्म हाही त्या कारभारातील एक हिशेब असतो. प्रजेचा धर्म कोणता, राजाचा कोणता, दोहोंत अंतर पडले तर बंडाळी किती वाढेल आणि खजिन्यात किती तूट येईल, हे सारे आकड्यांत बसवणाऱ्या नियमांच्या संचाला ‘मेकॅनिक’ किंवा यंत्रणा म्हणतात. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स या कंपनीने ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ (२०००), ‘व्हिक्टोरिया’ (२००३) आणि ‘क्रुसेडर किंग्ज’ (२००४) या तीन मालिकांतून हा प्रकार घडवला, म्हणून या यंत्रणेची परीक्षा मुख्यतः या मालिकांवरच करावी लागते.

अशा परीक्षेला भूमीही ठरलेली असावी, आणि त्या दृष्टीने भीमा-घोड नद्यांचा परिसर सोयीचा आहे. पुणे-नगर रस्त्यावरच्या शिक्रापुरातून एक वाट चाकणकडे आणि एक पाबळकडे फुटते. पाबळला मस्तानीचे दफनस्थान आहे, ज्याला कोणी समाधी म्हणतात तर कोणी मजार. पुण्याच्या बाजूला कोरेगाव भीमा आणि संभाजी महाराजांच्या समाधीचे वढू बुद्रुक, नगरच्या बाजूला अष्टविनायकांपैकी रांजणगावचा महागणपती, आणि त्याच रस्त्यावर पुढे शिरूर म्हणजे घोडनदी, जेथे एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. दौंडकडून भीमा ओलांडली की श्रीगोंदे लागते, जेथे मुसलमान कुळात जन्मलेले आणि वारकऱ्यांनी आपले मानलेले ‘योगसंग्राम’कर्ते शेख महंमद होऊन गेले. दख्खनच्या इतिहासावर खेळ रचणाऱ्याच्या नियमांत शिरूर आणि श्रीगोंदे या दोन तालुक्यांच्या परिसराला जागा मिळते की नाही, हा प्रश्न त्यामुळे अवाजवी ठरू नये.

धर्म हा स्वतंत्र नियम म्हणून लोकप्रिय झाला तो २००५ च्या ‘सिव्हिलायझेशन ४’ पासून. तेथे सात धर्म होते, अमुक विद्या प्रथम संपादन करणाऱ्या राष्ट्राला अमुक धर्माची स्थापना करता येई, आणि सातही धर्मांचे परिणाम हेतुपूर्वक सारखेच ठेवले होते. कोणाच्या भावना दुखावू नयेत ही त्यामागची सावधगिरी समजण्यासारखी आहे, पण तिच्यामुळे धर्म म्हणजे केवळ सात निरनिराळी चिन्हे उरली. २००९ च्या ‘एम्पायर : टोटल वॉर’ने मराठा सत्तेला खेळण्याजोग्या पक्षाचे स्थान दिले, ही त्या खेळाची मराठी खेळाडूंच्या दृष्टीने मोठी कामगिरी, धर्माच्या बाबतीत मात्र प्रजेचे धर्मवार टक्के आणि ते हळूहळू बदलणारे धर्मोपदेशक यापलीकडे तो गेला नाही.

खरा विचार करावा लागतो तो ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ (२०१३) चा, कारण १४४४ ते १८२१ या काळाचा हा खेळ बहमनी राज्यापासून पेशवाईच्या अखेरीपर्यंत सारे कवेत घेतो. त्यात प्रत्येक प्रांताला एकच धर्म असतो. राज्याचा एक अधिकृत धर्म असतो, आणि किती प्रांत त्या धर्माचे आहेत यावरून ‘धार्मिक ऐक्य’ नावाचा आकडा निघतो. आकडा घसरला की बंडाची भीती वाढते. खेळाडूने प्रांतात धर्मोपदेशक पाठवला की कामाचे टक्के महिन्यामागून महिने पुढे सरकतात आणि शंभर भरले की संपूर्ण प्रांत एका दिवसात धर्म बदलतो. ज्याला हे नको त्याने परधर्म-सहिष्णुतेचा आकडा वाढवावा. एकाच गटातील दुसरा पंथ ‘पाखंडी’ आणि गटाबाहेरचा ‘परधर्मी’ अशी प्रतवारी आहे. तिच्यामुळे हिंदू राज्याच्या लेखी शीख पाखंडी ठरतो आणि बौद्ध परधर्मी.

या नियमांचे मूळ शोधायला फार लांब जावे लागत नाही. जर्मन राजेरजवाड्यांत १५५५ साली ऑग्सबर्ग येथे जो तह झाला, त्याने राजाचा जो पंथ तोच त्याच्या मुलखाचा पंथ हे तत्त्व मान्य केले. कॅथलिक आणि ल्यूथरपंथी यांच्या भांडणातून निघालेली ही एक राजकीय तडजोड होती. खेळाने तिला जगभरचा निसर्गनियम करून टाकले. त्यामुळे ज्या भागांतून ती आली तेथे यंत्रणा खरोखर समृद्ध आहे. पोपच्या दरबारातील वजन, धर्मसुधारणेची केंद्रे, ट्रेंटची परिषद या साऱ्यांना आपापले नियम आहेत. पण बहमनी सुलतान म्हणून खेळ सुरू करणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळते की आपले बहुतेक प्रांत हिंदू आहेत, ऐक्याचा आकडा खाली आहे, आणि खेळाच्या हिशेबाने आपले राज्य जन्मतःच आजारी आहे.

प्रत्यक्षात दख्खनच्या सुलतानांनी या ‘आजारा’त सुमारे साडेतीन शतके राज्य केले. अहमदनगरच्या पहिल्या बुऱ्हाण निजामशहाने सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिया धर्मपंडित शाह ताहिर यांच्या प्रभावाने शिया पंथ स्वीकारला. खेळात ही मोठी उलथापालथ ठरली असती. गावगाड्याचा सारा मात्र देशमुख, देशपांडे, पाटील आणि कुलकर्णी यांच्याच मार्फत गोळा होत राहिला. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने ‘किताबे नौरस’मध्ये सरस्वतीला वंदन केले आणि लोक त्याला जगद्गुरू म्हणत. असा राजा सहिष्णुतेच्या आकड्यात मावत नाही. सहिष्णुता म्हणजे दुसऱ्याचे सोसणे, आणि येथे सोसण्याचा प्रश्नच नव्हता.

निर्मात्यांना ही उणीव दिसली नाही असे नाही. मूळ खेळाला नंतर विकत जोडायच्या भागांना डीएलसी म्हणतात. त्यांपैकी २०१४ च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ने हिंदू राजाला शिव, विष्णू, गणेश अशा देवतांतून एक उपास्य निवडण्याची मुभा दिली, आणि निवडीप्रमाणे राज्याला एखादा लाभ मिळू लागला. २०१८ च्या ‘धर्मा’ने ब्राह्मण, राजपूत, मराठे आणि जैन यांना ‘इस्टेट’, म्हणजे राज्यातील हितसंबंधी वर्ग, म्हणून उभे केले. दुसरी सुधारणा पहिलीपेक्षा कितीतरी चांगली आहे, कारण ती सत्तेला धर्माशी देवघेव करायला लावते. तरी जैन हा या खेळात धर्म नसून केवळ वर्ग आहे, ही गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही. उपास्य देवतांच्या यादीत खंडोबा नाही, विठोबा नाही, भवानीचे नाव नाही. ज्या देवतांच्या नावाने येथे कुलाचार चालले, जत्रा भरल्या आणि तळी उचलली गेली, त्या यादीबाहेर आणि ग्रंथांतून सहज सापडणाऱ्या यादीत.

यादीतली नावे वाढवणे सोपे आहे. मोठी उणीव आहे ती इनामाची. मराठी मुलखात राज्य आणि धर्म यांचा रोजचा व्यवहार धर्मांतरातून होत नसे, तो सनदेतून होई. देवस्थानाला, मठाला, दर्ग्याला जमीन किंवा नक्त नेमणूक लावून दिली जाई, आणि राजवट बदलली की नव्या धन्याकडून ती सनद पुन्हा करून घ्यावी लागे. चिंचवडच्या देव घराण्याला अशा सनदा मुसलमानी राजवटींकडूनही मिळाल्या आणि मराठ्यांकडूनही. शिवाजी महाराजांनी देवस्थानांप्रमाणेच पीर आणि मशिदी यांची दिवाबत्ती व नैवेद्य स्थान पाहून चालवले, असे सभासदाने आपल्या बखरीत नोंदवले आहे. पेशव्यांच्या काळात श्रावणमासाच्या दक्षिणेला दूरदूरचे ब्राह्मण पुण्यात येत, आणि पेशवाई बुडाल्यावर त्याच दक्षिणेच्या पैशातून इंग्रजांनी १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली. नवी सत्ता जुन्या सत्तेचे धार्मिक देणे कसे स्वीकारते, वळवते किंवा बुडवते, हा दख्खनच्या धर्मकारणाचा गाभा आहे. राज्य जिंकल्यावर आधीच्या राजाच्या सनदांचे काय करायचे, असा प्रश्न खेळाडूला विचारणारा एकही मोठा खेळ नाही.

‘क्रुसेडर किंग्ज ३’ (२०२०) हा या सर्वांत विचारी खेळ म्हणावा लागेल. मध्ययुगीन राजघराण्यांच्या या खेळात धर्म प्रांतापुरता न राहता माणसाला चिकटतो. एका धर्मात अनेक पंथ, प्रत्येक पंथाची तीन मुख्य तत्त्वे, विवाह, व्यभिचार, पुरोहितवर्ग यांविषयीचे त्याचे नियम, आणि दुसऱ्या पंथाकडे पाहण्याच्या आपला, भरकटलेला, वैरी आणि दुष्ट अशा चार पायऱ्या आहेत. शैव, वैष्णव, शाक्त, स्मार्त असे भेद, दिगंबर, श्वेतांबर आणि यापनीय असे जैन संप्रदाय, हे सारे येथे सापडते. यापनीयांचे नाव तर मराठी पाठ्यपुस्तकांतही क्वचितच भेटते. पण हे भेद मांडताना खेळाने एक माणूस एका पंथाचा असे गृहीत धरले आहे. घरात खंडोबा, चतुर्थीला गणपती, आषाढीला पंढरपूर आणि नवस पिराला, अशा घराची नोंद करायला त्यात रकानाच नाही.

याच खेळात मुलाचा पंथ पालकाच्या पंथाप्रमाणे घडू शकतो, आणि येथे पाबळ पुन्हा आठवते. बाजीराव आणि मस्तानी यांचा मुलगा जन्मला तेव्हा त्याचे नाव कृष्णराव ठेवल्याचे सांगतात. त्याची मुंज लावण्यास पुण्याच्या ब्राह्मणांनी नकार दिला, तो समशेर बहादूर म्हणून वाढला आणि १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढताना झालेल्या जखमांनी मेला. बांद्याचे नबाब त्याच्याच वंशातले. त्याचा धर्म बापाने ठरवला नाही, आईने ठरवला असेही म्हणता येत नाही. धर्मात घ्यायचे की नाही हे ठरवणारी संस्था राजसत्तेच्या बाहेर होती, आणि मराठी राज्याचा मुख्य प्रधान असलेला पेशवाही तिला वाकवू शकला नाही. खेळात पुरोहितवर्ग म्हणजे मंत्रिमंडळातील एक माणूस. त्याची मर्जी राखली की देवस्थानांचा कर आणि फौज राजाला मिळते. मर्जी राखूनही जो नकार देतो असा पुरोहित तेथे नाही.

उलट बाजूचे उदाहरण नेतोजी पालकरांचे. मोगलांनी १६६७ मध्ये त्यांना मुसलमान करून महंमद कुली खान हे नाव दिले. १६७६ मध्ये ते परत आले तेव्हा शिवाजी महाराजांनी त्यांना विधिपूर्वक पुन्हा हिंदू करून घेतले. खेळात कैद्याकडून धर्मांतर वसूल करता येते, म्हणजे या गोष्टीचा पूर्वार्ध येतो. उत्तरार्ध केवळ आणखी एक धर्मांतर म्हणून येईल. प्रायश्चित्त, पंगत आणि जातीची मान्यता यांना किंमत नाही. ‘पायटी’ म्हणजे पुण्य हे या खेळात चलन आहे, ते साठवून युद्ध पुकारता येते आणि पुरेसे साठले तर नवा पंथही काढता येतो. नवा पंथ काढण्याची ही सोय खेळाडूंना फार आवडते, आणि नेमकी तीच खेळाची सर्वांत उथळ बाजू आहे : तत्त्वांच्या यादीतून तीन तत्त्वे उचलून जो बनतो तो पंथ नव्हे, लाभांचा संच.

लोकसंख्येला गटागटाने मोजणारी ‘पॉप’ पद्धत, जी ‘व्हिक्टोरिया’ मालिकेत रुजली आणि नोव्हेंबर २०२५ च्या ‘युरोपा युनिव्हर्सालिस ५’मध्ये १३३७ पासूनच्या जगाला लावली गेली, तिने एका प्रांताला एकच धर्म ही जुनी चूक अखेर दुरुस्त केली. आता एकाच जागी अनेक धर्मांचे, भाषांचे आणि वर्गांचे लोक राहू शकतात. मोजणी सुधारली, धर्मांतराची कल्पना मात्र तशीच राहिली. ‘व्हिक्टोरिया ३’मध्ये (२०२२) लोक सरतात ते राज्याच्या धर्माकडे. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना कंपनी सरकारने प्रथम परत पाठवण्याचीच खटपट केली होती, आणि तरी त्यांचे काम पुढे शिरूरपर्यंत पोचले; राज्याच्या इच्छेबाहेर चालणारे असे धर्मांतर या हिशेबात नीट बसत नाही. हा खेळ १८३६ ते १९३६ असा आहे. जोतीराव फुल्यांचा सत्यशोधक समाज (१८७३) त्याच्या काळात येतो. १ जानेवारी १९२७ ला कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभापाशी आलेल्या डॉ. आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात केलेली धर्मत्यागाची घोषणाही त्याच्या शेवटच्या महिन्यांत येते. २०२४ च्या ‘पिव्हट ऑफ एम्पायर’ने जातीचा प्रश्न कायद्यांच्या चौकटीत आणला हे स्वागतार्ह आहे. पण एक समाज राजाज्ञेशिवाय, उपदेशकाशिवाय, वर्षानुवर्षे विचार करून धर्म सोडण्याचे ठरवतो, आणि २१ वर्षांनी नागपूरला लाखोंच्या संख्येने ते पुरे करतो, या घटनेला लागू पडेल असा नियम कोणत्याही व्यूहखेळात नाही. विसाव्या शतकात महाराष्ट्राने जगाला दाखवलेले सर्वांत मोठे धर्मांतर हेच होते.

देशी निर्मात्यांकडून या प्रकारात अद्याप काही आलेले नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या संस्थेचा ‘राजी’ (२०२०) देखणा आहे, पण तो पुराणकथेवरचा साहसी खेळ आहे. राज्याचा हिशेब त्याचा विषय नाही. तरी वाट बंद नाही. पॅराडॉक्सच्या खेळांतील धर्म, देवता आणि त्यांचे लाभ साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेले असतात, खेळाडू त्या बदलून ‘मॉड’ म्हणजे स्वतःची सुधारित आवृत्ती काढू शकतो, आणि तसे करणारे हजारो आहेत. साहित्याचीही वाण नाही : गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात छापून झाले आहेत. ज्या मराठी खेळाडूला मोडी कागदांचा कंटाळा नाही, त्याने खंडोबाचे नाव यादीत घालण्यापूर्वी सनदांचा नियम लिहून पाहावा.