बोट सोडल्यावर

रोल्स-रॉईसचं स्पे मार्क २०२ हे इंजिन ब्रिटिश फँटम लढाऊ विमानांत असे. त्याची चाल न्यूरल नेटवर्कमध्ये उतरवणारा चिरास, एव्हन्स आणि रीस यांचा निबंध २००२ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या टर्बो एक्स्पो परिषदेसाठी लिहिला गेला. तिघंही वेल्समधल्या ग्लॅमॉर्गन विद्यापीठातले. विषय एका ओळीचा: इंधन कमीजास्त केलं की शाफ्टचा वेग कसा बदलतो?

या मंडळींची इंजिनाला प्रश्न विचारायची तऱ्हा आधी पाहावी. इंधन एकदम वाढवून काय होतं ते टिपणं सोपं. पण त्या एका झटक्यात इंजिनाचे सगळे स्वभाव एकमेकांत मिसळून जातात. यांनी निवडक वारंवारितांच्या साइन लहरी एकत्र करून इंधनात हलके चढउतार केले. लहरींच्या कला (फेज) अशा जुळवायच्या, की सगळ्यांची शिखरं एकाच क्षणी येऊ नयेत. त्याहून सुंदर बारकावा पुढे आहे. मूळ वारंवारितेच्या विषम पटीच तेवढ्या वापरायच्या, सम पटींच्या जागा मुद्दाम रिकाम्या ठेवायच्या. इंजिन रेषीय असेल तर तिथे शांतता राहील. काही उमटलंच, तर ती त्याच्या अरेषीयतेची कबुली. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं अलगद काढून घेणं फार देखणं आहे.

अरेषीयता म्हणजे इथे काय? कमी वेगावर थोडं जादा इंधन दिलं तर शाफ्ट बराच वेग घेतो, पण सावकाश. वरच्या वेगावर तेवढ्याच इंधनानं फरक थोडा पडतो, पण चटकन. म्हणून एरवी प्रत्येक टप्प्याला वेगळं रेषीय मॉडेल करून ती ठिगळं जोडत. इथे एकच न्यूरल जाळं: आत मागच्या काही क्षणांचं इंधन आणि वेग, बाहेर पुढच्या क्षणाचा वेग. मागचं किती आठवायचं, हे ठरवताना आधार मात्र त्या जुन्या रेषीय मॉडेलांचाच. हा विनय मला जाळ्याइतकाच आवडतो.

आता कसोटी. दर क्षणी मोजलेला खरा वेग हाती दिला, तर पुढचा अंदाज कोणीही बरोबर सांगेल. एका क्षणात वेग बदलतो तो किती! खरी परीक्षा मॉडेलचं बोट सोडल्यावर. मग त्याचंच उत्तर त्याला पुढच्या क्षणी परत मिळतं, आणि कणभर चूकही साचत जाते. शिवाय हलक्या चढउतारांवर घडलेलं मॉडेल मोठ्या झेपेला अडखळू शकतं, म्हणून या तिघांनी दोन्ही तऱ्हेच्या चाचण्यांवर आपलं जाळं घासून पाहिलं.

मोजलेली आणि मॉडेलची अशा दोन रेघा तंतोतंत जुळलेला आलेख कोणी पुढे केला, तर दाद देण्याआधी एवढं विचारा: बोट धरलं होतं, की सोडलं होतं?